प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर नवी नावं लिहिण्याआधी

प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर शाळा-कॉलेजांत अकार्बनी रसायनांच्या बाटल्यांची लेबलं बदलली जातात. गोंद आणि कात्री काढण्याआधी एक जाड वही काढा. सगळं कपाट एकदम रिकामं करू नका, एका वेळी एकच फळी खाली घ्या. जुन्या लेबलावरचं नाव, सूत्र आणि रेणुभार वहीत उतरवून झाल्याशिवाय ते लेबल खरवडायचं नाही. अक्षरं पुसली गेलेली बाटली वेगळ्या ट्रेमध्ये 'अज्ञात' म्हणून ठेवा. रंग बघून नाव ठरवू नका, कारण मोरचूद निळं असतं तसं कॉपर नायट्रेटही निळं असतं, आणि पांढऱ्या भुकटीबद्दल तर बोलायलाच नको.

नाव पक्कं करताना कसोटी एकच: बाटली न बघता, नुसत्या नावावरून सूत्र लिहिता आलं पाहिजे.

त्यासाठी आधी धातूंचे दोन गट करा. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम, अ‍ॅल्युमिनियम, झिंक यांची संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, स्थिर, म्हणून नाव साधंच राहू द्या: कॅल्शियम क्लोराइड. त्याला 'डायक्लोराइड' करण्याची गरज नाही. लोखंड, तांबे, कथिल, शिसे, पारा, मँगनीज, क्रोमियम हे परिवर्ती संयुजेचे. यांच्या नावात ऑक्सिडीकरण अंक हवाच. आल्फ्रेड स्टॉकने १९१९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत तो धातूच्या नावाला लागून कंसात, रोमन आकड्यात येतो, मध्ये जागा न सोडता. (या लेखात वाचायला सोयीचं म्हणून देवनागरी अंक वापरले आहेत.) फेरस क्लोराइडचं आयर्न(२) क्लोराइड होतं, फेरिकचं आयर्न(३) क्लोराइड. हा अंक म्हणजे अणूंची संख्या नव्हे, तो त्या धातूवरचा प्रभार (विद्युतभार) सांगतो. आयर्न(३) ऑक्साइडमध्ये लोखंडाचे अणू दोनच असतात.

जुनं नाव मात्र दुसऱ्या ओळीत ठेवा. बाजारात, पुरवठादाराच्या बिलात आणि जुन्या प्रयोगवहीत तेच सापडतं. 'रस' आणि 'रिक' यांची गल्लत किती महागात पडते ते अनुमापनात, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडून प्रमाण काढण्याच्या प्रयोगात, दिसतं. मोहरचं मीठ म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, फिकट हिरवं. त्याच्या शेजारी बहुधा फेरिक अमोनियम सल्फेट उभं असतं, फिकट जांभळट. विद्यार्थ्याने दुसऱ्याचं द्रावण घेतलं तर पोटॅशियम परमँगनेटचा पहिलाच थेंब गुलाबी रंग देऊन जातो, कारण तिथलं लोखंड आधीच ऑक्सिडीकृत झालेलं असतं. मुलगा ब्युरेट पुन्हा धुतो, द्रावण पुन्हा करतो, आणि चूक बाटलीच्या चिठ्ठीत असते. या दोन बाटल्या वेगळ्या फळ्यांवरच ठेवा.

पुढचा धोका आपल्या लिपीतला आहे. सल्फाइड आणि सल्फाइट यांत फक्त ड आणि ट यांचा फरक. शाई जरा फुटली की कळत नाही. सल्फाइडवर सौम्य आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड निघतो, सल्फाइटवर पडलं की सल्फर डायऑक्साइड. दोन्ही वायू त्रासदायक, पहिला तर विषारीच. म्हणून या नावांसोबत सूत्र मोठ्या अक्षरात हवंच. नायट्राइड, नायट्राइट, नायट्रेट यांनाही तेच लागू. 'एट' म्हणजे चार ऑक्सिजन असं पाठ करू नका: सल्फेट-फॉस्फेटमध्ये चार, पण नायट्रेट-कार्बोनेटमध्ये तीनच. 'आइट'मध्ये त्याच जोडीतल्या 'एट'पेक्षा एक कमी, प्रभार तोच. क्लोरीनच्या चार पायऱ्या एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवा: हायपोक्लोराइट एक, क्लोराइट दोन, क्लोरेट तीन, परक्लोरेट चार.

ऑक्साइडांच्या फळीवर जरा थांबा. बेरियम आणि शिसे, दोघांच्याही बाटलीवर सूत्रात एक धातू आणि दोन ऑक्सिजन दिसतात. पण बेरियमची संयुजा दोनच, त्यामुळे तिथे ऑक्सिजनची जोडी मिळून दोन ऋण प्रभार घेते, आणि नाव होतं बेरियम पेरॉक्साइड. शिशाला चार संयुजा जमते, म्हणून ते लेड(४) ऑक्साइड. जुन्या बाटलीवर 'लेड पेरॉक्साइड' दिसलं तर ते नाव पुढे चालवू नका.

स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी, लिहायला विसरलात तर वजनच चुकतं, आणि ही चूक सगळ्यात जास्त आढळते. मोरचुदाचं पूर्ण नाव कॉपर(२) सल्फेट पेंटाहायड्रेट, रेणुभार २४९.७. निर्जल कॉपर सल्फेटचा १५९.६. लेबलवर नुसतं 'कॉपर सल्फेट' असेल आणि ०.१ मोलार (लिटरमागे रेणुभाराच्या आकड्याइतक्या ग्रॅमचा दशांश) द्रावणाच्या एका लिटरसाठी कुणी निळे खडे १५.९६ ग्रॅम तोलले, तर तीव्रता ०.०६४ मोलारच्या आसपास येते. हवे होते २४.९७ ग्रॅम. धुण्याच्या सोड्याचंही तसंच: डेकाहायड्रेट २८६.१, निर्जल १०६. खाण्याचा सोडा वेगळा, तो सोडियम हायड्रोजनकार्बोनेट, 'हायड्रोजनकार्बोनेट' जोडूनच लिहायचं.

जटिल संयुगं, म्हणजे मधल्या धातूभोवती इतर गट जोडलेली संयुगं, शेवटी घ्या, कारण त्यांना निवांत वेळ लागतो. पोटॅशियम फेरोसायनाइड फिकट पिवळं, फेरिसायनाइड लाल. आयर्न(३)च्या द्रावणात पहिलं गडद निळा साका (तळाशी बसणारा गाळ) देतं, दुसरं फक्त तपकिरी रंग. आययूपॅक या आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेच्या २००५ च्या शिफारशींनुसार पहिल्याचं नाव पोटॅशियम हेक्झासायनिडोफेरेट(२), दुसऱ्याचं (३). जुन्या पुस्तकांत 'सायनिडो'ऐवजी 'सायनो' दिसेल, गोंधळू नका. पोटॅशियम चार की तीन हे नावात लिहावं लागत नाही, प्रभाराच्या हिशोबातून निघतं. अमोनिया लिगंड (धातूला जोडलेला गट) असेल तर 'अम्माइन' असं दोन म लावून लिहा, नाहीतर ते कार्बनी अमाइन वाटतं.

आता लेबल. बॉलपेनची शाई आम्लाच्या वाफांत उडते, पेन्सिल टिकते. पहिल्या ओळीत नवं नाव, दुसरीत जुनं किंवा बाजारी, तिसरीत सूत्र आणि रेणुभार, खाली बाटली उघडल्याची तारीख. वरून पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण गोल फिरवा. ओतताना लेबल तळहाताकडे ठेवायला मुलांना सांगा, म्हणजे ओघळ त्यावर येत नाही.

बाटल्या फळीवर परत जाण्याआधी वहीतली फक्त नावं सहकाऱ्याला वाचून दाखवा आणि त्याच्याकडून सूत्रं लिहून घ्या. जिथे त्याचं सूत्र लेबलशी जुळत नाही, ती बाटली टेबलावरच राहू द्या.