ताप नाही, सर्दी नाही, तरी घसा खवखवतोय? आधी वेळ बघा

सर्दी नाही, ताप नाही, अंगही दुखत नाही आणि तरी घशात सारखी खरखर, काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि माणूस दिवसभर खाकरत बसतो, आमच्या कासारवडवलीच्या बिल्डिंगमध्ये सकाळी लिफ्टमध्ये कोणी ना कोणी असं खाकरत असतंच. मी स्वतः दोनदा मेडिकलमधून मनानेच अँटिबायोटिक आणून खाल्ली, काडीचा फरक पडला नाही, पडणार तरी कसा, इन्फेक्शनच नव्हतं. प्लीज असं करू नका.

त्यापेक्षा आठवडाभर मोबाईलमध्ये लिहून ठेवा की घसा किती वाजता खवखवला, तेव्हा तुम्ही कुठे होता, आधीच्या दोन-तीन तासांत काय खाल्लं आणि किती बोललात. बस एवढंच, पण अर्धं काम यातच होतं कारण प्रत्येक कारणाची वेळ वेगळी असते.

समजा सकाळी उठल्या उठल्या त्रास होतो. ओठ कोरडे, उशीवर लाळेचा डाग आणि दोन घोट पाणी प्यायलं की अर्ध्या तासात बरं वाटतं, तर तुम्ही रात्री तोंडाने श्वास घेताय, नाक कशामुळे चोंदतंय ते बघा आणि एसी २४-२५ वर ठेवा, १८ वर नको, त्याचा फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, हवेचा झोत तोंडावर येऊ देऊ नका. पण सकाळी आवाज जड, तोंडाला आंबट कडवट चव आणि दहा-अकरा वाजेपर्यंत खाकरणं चालूच असेल तर बहुतेक अॅसिडिटी आहे. छातीत जळजळ व्हायलाच हवी असं नाही हं, खूप जणांना पोटातलं अॅसिड गुपचूप घशापर्यंत येतं आणि छातीत काहीच कळत नाही, म्हणून ते लोक वर्षभर कफ सिरपच पीत बसतात.

माझं हेच होतं. ऐरोलीहून लोकलने ठाणे, मग घोडबंदरचं ट्रॅफिक, घरी साडेनऊ, जेवण साडेदहाला आणि लगेच आडवं होऊन मोबाईल. आता सात वाजता ऑफिसमध्येच डब्यातली पोळीभाजी खाते, घरी आल्यावर फक्त थोडा वरणभात, आणि झोपायच्या आधी तीन तास पोटात काही नाही असं जमेल तेवढं बघते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावून ती बाजू सहा इंच उंच केली. दोन-तीन उशा घेऊन हे होत नाही, उलट पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपल्यानेही फरक पडतो. तिसऱ्या आठवड्यात घसा मोकळा वाटायला लागला, एका रात्रीत काही होत नाही. आणि हो, पुदिन्याच्या थंड गोळ्या अशा वेळी चघळू नका, घशाला गार वाटतं पण पोटाच्या तोंडाची झडप त्याने सैल पडू शकते, म्हणजे अॅसिड आणखी वर.

संध्याकाळी प्रवासानंतर खवखवत असेल तर धूळ. मेट्रोचं काम, डंपर, खोदलेले रस्ते, तिकडे नवी मुंबईत तुर्भे-महापेचा एमआयडीसी पट्टा, आणि थंडीत वारा कमी असतो म्हणून ती धूळ खालीच राहते. रिक्षात किंवा बाईकवर एन-९५ मास्क लावा, कापडी रुमालाने बारीक धूळ अडत नाही. घरी आल्यावर नाक शिंकरून कोमट पाण्याने गुळण्या करा, ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरतं. घरात झाडण्याआधी ओल्या फडक्याने पुसा, कबुतरांची सुकलेली घाण तर पाणी मारल्याशिवाय अजिबात खरवडू नका. बंद खोलीत उदबत्ती, मच्छरची कॉइल, फोडणीचा धूर हेही त्याच यादीत, एक्झॉस्ट चालू ठेवायचा.

माझी बहीण घणसोलीला ट्यूशन घेते, तिचा घसा शेवटच्या बॅचला बसायचा. मधेमधे पाण्याचे घोट घे, मुलांवर ओरडण्याऐवजी टाळी वाजव एवढं सांगितलं. घसा बसल्यावर कुजबुजत बोलू नका, त्याने ताण वाढू शकतो, सरळ गप्प बसा.

आता खाकरण्याबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात, तिथे सूज येते, सूज आली की अजून काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि माणूस पुन्हा खाकरतो. हे चक्र तोडायचं तर खाकरावंसं वाटलं की एक घोट पाणी, पाणी नसेल तर नुसता आवंढा गिळा. पहिले चार दिवस फार जड जातात, मग सवय होते.

आईचा कोरडा खोकला मात्र वेगळाच निघाला. तिच्या बीपीच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' होतं, रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे, या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला येतो. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं, ते दुसरी देतात. आणि बीपीवाल्यांनी ज्येष्ठमध रोज चघळू नये, त्याने बीपी वाढतं.

आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला, गिळताना दुखलं किंवा अडकलं, थुंकीत रक्त दिसलं, मानेला गाठ लागली, वजन उतरलं तर घरचे उपाय सोडून लगेच ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, तंबाखू, गुटखा, सिगारेट घेत असाल तर अजिबात थांबू नका. श्वास घ्यायलाच त्रास होत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. जाताना ती मोबाईलमधली वेळांची नोंद उघडून डॉक्टरांना दाखवा, माझ्या डॉक्टरांनी ती बघूनच पहिला प्रश्न विचारला की रात्री किती वाजता जेवता.