गेमिंग लॅपटॉप घ्यायला निघण्यापूर्वी

आधी वही काढा आणि त्यात खेळांची नावं लिहा. ‘सगळं चाललं पाहिजे’ असं म्हणत दुकानात शिरलात, तर दुकानदार काउंटरवरचा सगळ्यात महाग नग पुढे करणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याचं भागतं साध्यात. हे खेळ ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसरला जास्त राबवतात. सायबरपंक २०७७ चं दुखणं वेगळं, तिथे बनवणाऱ्यांनीच शिफारस केलेली ग्राफिक्स कार्डं (खेळाचं चित्र रंगवणारा भाग) निदान ८ जीबी मेमरीची आहेत. २०२४ साली आलेल्या इंडियाना जोन्सच्या खेळाला तर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं तंत्र) करू शकणारं कार्ड लागतंच, आणि ८ जीबी ही त्याची किमान अट आहे. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात बहुतेक खेळांच्या पानावर ‘किमान’ आणि ‘शिफारस’ असे दोन रकाने असतात. शिफारसवाला उतरवून घ्या. किमान रकान्याचा अर्थ ‘खेळ सुरू होईल’ एवढाच.

वहीत दुसरी नोंद कार्डाच्या मेमरीची. रॅम बहुधा पुढे वाढवता येते, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) बदलता येते (विकत घेताना मोकळा स्लॉट आहे का ते विचारा), पण लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डला डाग देऊन जोडलेलं असतं. ते जे घ्याल तेच शेवटपर्यंत. मी पैसे वाचवायला एनव्हिडिया कंपनीचं ४ जीबीचं आरटीएक्स ३०५० कार्ड घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी प्रत्येक नव्या खेळात टेक्श्चर (चित्राचा बारीक तपशील) ‘लो’वर आणून बसलो. त्याच मालिकेतल्या ४०५० ला ६ जीबी असते, ४०६० ला ८. नव्या पिढीतल्या ५०५० आणि ५०६० लाही ८. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसर एक पायरी खाली आणा, मेमरी नको. आणि जाहिरातीत नुसतं ‘८ जीबी ग्राफिक्स’ दिसलं तर सावध व्हा. ती कधीकधी रॅममधूनच उसनी घेतलेली असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) उघडला की कार्डाची स्वतःची मेमरी वेगळी दिसते.

खरी गोम पुढे आहे. कार्डाचं नाव सारखं असलं तरी ताकद सारखी नसते. लॅपटॉपमधल्या ४०६० साठी एनव्हिडियाने ठरवून दिलेली वीज ३५ ते ११५ वॅट आहे, आणि त्यातले किती द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून तिथे हात आखडता. त्याच नावाचं कार्ड जाडजूड लॅपटॉपमध्ये मोकळं पळतं. स्टिकरवर हा आकडा सहसा नसतो, विक्रेत्यालाही बहुधा माहीत नसतो. कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलच्या पानावर टीजीपी, म्हणजे कार्डाला मिळणाऱ्या विजेचा हाच आकडा, शोधा. दुकानात डेमोचा नग असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधली सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. यूट्यूबवरचे रिव्ह्यू पाहतानाही ते लॅपटॉपच्याच कार्डाचे आहेत ना, हे बघा. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी असते, लॅपटॉपच्या ४०७० ला ८. नाव एक, चीज दुसरी. म्हणूनच ४०६० आणि ४०७० च्या किमतीत बराच फरक असेल तर मी डोळे मिटून ४०६० घेईन.

पडद्याचं गणित सोपं आहे. २५६० × १६०० च्या पडद्यावर १९२० × १०८० च्या जवळपास दुप्पट ठिपके असतात आणि ते सगळे कार्डालाच रंगवावे लागतात. ६ जीबीच्या कार्डापुढे एवढा पडदा म्हणजे शिंगरावर बैलाचं ओझं. त्याला १०८० आणि १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा पडदा) पुरे. ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) लिहिलेला पडदा मात्र घेऊ नका, रंग धुतल्यासारखे दिसतात. मक्स स्विच असेल तर उत्तम. मग कार्डाचं चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वळसा न घेता थेट पडद्यावर जातं. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकाच पट्टीवर प्रोसेसरचा रॅमकडे जाणारा रस्ता निम्मा होतो.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची: चार्जर. तो विटेएवढा असतो, आणि पुष्कळदा त्याची पिन १६ अँपिअरची, गीझरला असते तशी जाड निघते. खोलीत टेबलापाशी छोटंच सॉकेट असेल तर पहिल्याच रात्री पंचाईत. बॅटरीवर खेळायचा विचार सोडाच, प्लग काढला की कार्डाची वीज आपोआप उतरते.

दुकानात अर्धा तास मागून एखादा जड खेळ चालवून बघा. पंख्याचा आवाज ऐका, डाव्या हाताखालची बटणं किती तापतात ते बोटांनी पाहा. बिलावरचा सीरियल नंबर लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळवा. वॉरंटीत माणूस घरी येतो की तुम्हालाच सेंटरवर जायचंय, हे बिल होण्याआधी विचारा. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडताना फोनवर सलग व्हिडिओ काढा, आणि परत करायची मुदत संपेपर्यंत ते खोकं माळ्यावर ठेवा. आईला तेवढं आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते रद्दीवाल्याकडे गेलेलं असेल.