मीटरचे दिवे गेले की आधी गाडीच्या मागे जाऊन बघा

आमच्याकडे २००१ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी घेतलेली, अजून चालती. एकदा रात्री कुंभार्ली घाट उतरताना डॅशबोर्डवरच्या मीटरमधला उजेड अचानक गेला. हेडलाइट लख्ख होती, इंजिनाची काही कुरकुर नव्हती. ‘बल्ब गेला असेल, चिपळूणला पोचलो की बघू’ म्हणून तसाच खाली आलो. पायथ्याला चहाला थांबलो, तर मागून आलेला ट्रकवाला उतरून जवळ आला. “दादा, मागचे लाल दिवे बंद आहेत तुमचे. वळणावर गाडी दिसलीच नाही, एकदम पुढ्यात आली.”

मीटरचे दिवे आणि टेललॅम्प एकाच फ्यूजवर होते आणि तो फ्यूज उडाला होता. तेव्हापासून मीटर अंधारलं की मी आधी खाली उतरतो आणि गाडीच्या मागे जातो. तुम्हीही शोधाची सुरुवात तिथूनच करा. मीटर उघडायची घाई अजिबात नको, कारण निम्म्याहून जास्त वेळा दोष मीटरच्या बाहेरच सापडतो असा माझा अनुभव आहे.

पुढचं सगळं काट्यांचं मीटर आणि आत साधे बल्ब असलेल्या गाड्यांसाठी आहे: ८००, ओम्नी, जुनी झेन, अँबेसिडर, पद्मिनी वगैरे. गाडीत एअरबॅग असेल तर स्टिअरिंगच्या आसपासचं काही खोलू नका, ते काम जाणकाराकडे द्या.

हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा

मीटरमध्ये दोन वेगळ्या प्रकारचे दिवे असतात. पहिला प्रकार म्हणजे आकडे दिसावेत म्हणून मागून पडणारा उजेड. पार्किंग लाइटचा स्विच फिरवला की तो येतो, चावी लागत नाही. दुसरा प्रकार इशाऱ्याच्या दिव्यांचा: ऑइल, बॅटरी, हँडब्रेक. ते चावी ‘ऑन’ केल्यावर लागतात. दोघांना वीज वेगवेगळ्या वाटेने येते, त्यामुळे नेमकं कोण बंद आहे यावरून बरंच काही कळतं.

अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि पार्किंग लाइट लावा. भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड पडतो का? नंबर प्लेटचा दिवा लागतो का? पुढचे पार्किंगचे दिवे लागतात का?

हे सगळेच बंद असतील तर फ्यूज किंवा स्विच बघा. सगळे चालू आणि फक्त मीटर अंधारात असेल, तर दोष मीटरकडे येणाऱ्या वायरमध्ये, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) किंवा मीटरच्या आत आहे. मीटरचा एकच कोपरा अंधारात असेल तर बल्ब किंवा त्याचा होल्डर. चावी ऑन केल्यावर इशाऱ्याचे दिवेही लागत नाहीत आणि पेट्रोलचा काटाही हलत नाही, असं असेल तर इग्निशनकडचा दुसरा फ्यूज तपासा.

आता इंजिन चालू करून पार्किंग लाइट बंद करा, एका बाजूचा इंडिकेटर द्या आणि मीटरकडे नीट बघा. इंडिकेटरच्या तालावर मीटरचा उजेड हलकासा लुकलुकतो का? ब्रेक दाबला की मीटर मंद उजळतं का? तसं होत असेल तर त्या बाजूच्या टेललॅम्पचं अर्थिंग गेलं आहे. विजेला बॉडीत परतायची वाट मिळत नाही, म्हणून ती टेललॅम्पच्या फिलामेंटमधून उलटी शिरते आणि मीटरच्या बल्बमधून वाट काढते. अशा वेळी लोक मीटर खोलून बसतात आणि दोष डिकीजवळच्या एका गंजलेल्या स्क्रूत असतो. तो स्क्रू काढा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, पुन्हा घट्ट आवळा. हेडलाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा जागचा हलत असेल तर असाच दोष मीटरच्या किंवा बॅटरीच्या अर्थिंगमध्ये शोधा.

फ्यूज

फ्यूज बॉक्स बहुधा ड्रायव्हरच्या पायांवर, डॅशबोर्डखाली असतो. कुठला फ्यूज कशाचा हे त्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं, त्यात ‘टेल’ शोधा. चावी आणि सगळे दिवे बंद करून तो सरळ ओढून काढा. पात्यांच्या फ्यूजमध्ये आतली तार तुटलेली दिसते. काचेच्या नळीचा किंवा पद्मिनीसारख्या गाड्यांतला उघड्या पट्टीचा फ्यूज असेल तर टोकंही बघा. कोकणात दोन पावसाळे काढलेल्या गाडीत फ्यूज शाबूत आणि त्याच्या क्लिपवर हिरवट गंज, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. क्लिप घासून साफ केली, चिमट्याने किंचित दाबून घेतली की काम होतं.

डोळ्यांवर विसंबू नका. टेस्ट लॅम्प घ्या: एक बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, घरीही बनतो. फ्यूज पुन्हा जागेवर बसवा, लॅम्पचं एक टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा, पार्किंग लाइट लावा आणि दुसरं टोक फ्यूजच्या दोन्ही बाजूंना टेकवून बघा. एका बाजूला पेटला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फ्यूज गेला. कुठेच पेटला नाही तर वीज फ्यूजपर्यंतच येत नाही.

बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घाला. पात्यांच्या फ्यूजमध्ये रंगावरून ओळख पटते: ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा. हिशोब करून बघा. पाच-पाच वॅटचे चार दिवे पुढे-मागे, एक नंबर प्लेटचा, मीटरमधले तीन-चार छोटे, मिळून साधारण ३५ वॅट. बारा व्होल्टवर ते तीन अँपिअर होतात. म्हणजे १० अँपिअरचा फ्यूज उगाच उडत नाही. नवा घातल्याबरोबर तोही उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे, म्हणजेच शॉर्ट आहे. त्या रात्री चिपळूणात एकाने तांब्याची तार गुंडाळून द्यायची तयारी दाखवली होती. मी नको म्हणालो. तार लावली की फ्यूज वितळायच्या ऐवजी डॅशबोर्डमागची वायर वितळते आणि आग तिथून लागते.

शॉर्ट शोधायची युक्ती अशी. टेललॅम्प, पार्किंग आणि नंबर प्लेट यांचे बल्ब काढून ठेवा. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वायरीने जोडा आणि स्विच लावा. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो. आता एकेक कपलर सोडवत जा, ज्या फाट्याला तो एकदम मंदावतो किंवा विझतो तिथे दोष आहे. आमच्या गाडीत नंबर प्लेटच्या दिव्याचा होल्डर निघाला. पाणी साचून आतली पट्टी गंजली होती आणि वाकून पत्र्याला टेकली होती. डिकीच्या दाराच्या बिजागरीजवळ सतत वाकून वायर चिरते, तिथेही हात फिरवून बघा. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायर हे तिसरं ठिकाण.

फ्यूजपर्यंत वीजच येत नसेल तर स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच (दिव्यांचा दांडा असतो तो) बघा. दांडा हळूच वर-खाली हलवल्यावर दिवे लागले-विझले तर त्याचे आतले पॉइंट जळले आहेत. कॉन्टॅक्ट क्लीनरने थोडे दिवस निघतात, पण पुढे स्विच बदलावाच लागतो. काही गाड्यांत मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं छोटं चाक असतं. ते पाच-सहा वेळा पूर्ण फिरवून बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून त्याच्या तारेवर काजळी धरते.

मीटर बाहेर काढताना

सगळं बाहेरचं ठीक निघालं, तरच इथे या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. मीटरभोवतीच्या काळ्या झाकणाचे स्क्रू मॉडेलप्रमाणे दोन ते चार असतात, बहुधा वरच्या कडेला लपलेले. जुनं प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं असतं. अडलं तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलेला असतो. झाकणानंतर मीटरचे स्वतःचे स्क्रू.

मीटर पुढे ओढलं की ते स्पीडोमीटरच्या केबलला अडतं. इथे ओढाताण केली तर केबल तुटते. मागे हात घालून केबलच्या टोकाची क्लिप दाबा आणि मग ती सोडवा. हात पोचत नसेल तर बॉनेट उघडून केबल इंजिनाच्या बाजूने आत सरकवा, थोडी ढील मिळते. कपलर काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा.

मीटर हातात आल्यावर मागची बाजू उजेडात धरा. पातळ, मधाच्या रंगाचं प्लॅस्टिक आणि त्यावर तांब्याच्या रेघा दिसतील, हाच मीटरचा वायरिंगचा नकाशा. त्यावर गोल होल्डर बसवलेले असतात. पाव फेरा डावीकडे फिरवला की होल्डर बाहेर येतो आणि त्यात काचेचा, टोपी नसलेला बल्ब असतो. दुकानात ‘कॅपलेस’ म्हणून मागा. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर तो आज ना उद्या जाणारच.

होल्डरचे पितळी पाय नीट बघा. वर्षांनुवर्षं तांब्यावर दाबून ते सपाट होतात आणि काळे पडतात. सुईच्या टोकाने ते जरासे उचला, केसभर पुरे. जिथे ते टेकतात तिथली तांब्याची रेघ शाळेतल्या साध्या खोडरबरने घासा. काळपट रेघ गुलाबी-तांबूस झाली की थांबा, पॉलिश पेपर वापरला तर रेघच निघून येते. मी आजवर उघडलेल्या मीटरांत बल्ब शाबूत आणि केवळ या दोन जागा मळलेल्या, असं बरेचदा निघालं आहे.

बल्ब बसवताना वॅट जुन्यावर लिहिले असतील तेवढेच घ्या, सहसा तीनच्या आसपास. जास्त उजेडासाठी पाच वॅटचा घातला तर होल्डर मऊ पडतो आणि डायल तपकिरी होते. एक गेला असेल तर सगळेच बदला. सगळे एकाच वयाचे असतात, आणि बल्बच्या किमतीपेक्षा मीटर पुन्हा उघडायचा त्रास मोठा.

एलईडी घालायचे असतील तर तीन गोष्टी. पेटला नाही तर काढून उलटा बसवा, त्याला प्लस-मायनस असतं. त्याचा उजेड एकाच दिशेला पडतो, म्हणून चारी बाजूंनी प्रकाश देणारा घ्या, नाहीतर डायलवर ठिपका दिसतो. आणि बॅटरीच्या इशाऱ्याच्या दिव्याला हात लावू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला चार्जिंग सुरू करायला लागणारी वीज त्याच बल्बातून जाते. तिथे एलईडी घातला तर ती पुरत नाही आणि बॅटरी उतरत जाते.

डायलवर आणि काट्यांवर बोट लावू नका, कापडही नको. पारदर्शक झाकण मऊ ओल्या कापडाने पुसा, पेट्रोल-थिनर लावलात तर ते कायमचं धुरकट होईल.

परत बसवताना

स्क्रू लावण्याआधी नुसते कपलर जोडा, बॅटरी लावा आणि सगळं एकदा चालवून बघा: उजेड, ऑइल, बॅटरी, हाय बीमचा निळा दिवा, दोन्ही इंडिकेटर. मग बॅटरी काढून केबल ‘टक्‌’ असा आवाज येईपर्यंत दाबा आणि झाकण लावा. बॅटरी पुन्हा जोडून गल्लीत एक फेरी मारा, स्पीडोमीटरचा काटा न थरथरता चढला पाहिजे.

रात्री घरातल्या कुणालातरी गाडीमागे दहा-पंधरा पावलं उभं करा. पार्किंग लाइट, ब्रेक, डावा-उजवा इंडिकेटर असं एकेक दाबत जा आणि त्यांना मोठ्याने सांगायला लावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे रात्री मागचा लाल दिवा आणि नंबर प्लेटचा दिवा लागलेले असायला हवेत. आमच्याकडे हे काम आईचं. ती हातातला टॉर्च उंचावून “लागला, दोन्ही लागले” असं ओरडली की मी इंजिन बंद करतो आणि दोन जादा लाल फ्यूज टेप लावून फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवतो.