स्क्रीनवर उमटलेली सावली: या चुका टाळा

मालवण-तारकर्लीकडच्या होमस्टेत काउंटरवरच्या मॉनिटरवर बारा महिने चार कॅमेऱ्यांच्या चौकटी चालू असतात. मग कधीतरी त्याच मॉनिटरवर बुकिंगचं पान उघडलं, की मधोमध अधिकच्या चिन्हासारखी फिकट रेघ आणि कोपऱ्यात तारखेची सावली दिसते. जवळ जाऊन पाहा. सालाचे आकडे स्पष्ट वाचता येतात, सेकंदांच्या जागी नुसता धुरकट पट्टा असतो. जे हललं नाही, तेच उमटलं.

इथे पहिली चूक होते ती विंडोज फॉरमॅट मारण्याची, नाहीतर केबल आणि ग्राफिक्स कार्ड बदलण्याची. आधी स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलवर उघडा. त्यात सावली नसेल तर दोष पॅनलचा, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याचा, कॉम्प्युटरचा नाही. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडा. त्या मेनूतही सावली दिसली तर शंका उरत नाही. सावली किती गडद आहे ते करड्या रंगावर सगळ्यात नीट कळतं, म्हणून पेंटमध्ये लाल, हिरवा, निळा या तिन्हींचा आकडा 128 ठेवून चित्र बनवा आणि पूर्ण स्क्रीनवर लावा.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गफलत होते. कडेने आत सरकणारा ढगाळ, वेडावाकडा डाग म्हणजे बहुधा पॅनलच्या थरांत शिरलेली ओल. उमटलेल्या चित्राला सरळ कडा असतात, अक्षरं असतात. ओलीच्या डागाला खालचे उपाय लागू पडत नाहीत.

आता पॅनल कोणतं ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रात्री दिवे बंद करून पूर्ण काळं चित्र लावा. स्क्रीन मंद उजळ दिसली तर एलसीडी, अगदी मिट्ट काळोख दिसला तर ओएलईडी.

एलसीडीत एकच चित्र तासन् तास राहिलं, की द्रवस्फटिकातले अशुद्ध आयन (विद्युतभार असलेले कण) एका बाजूला जमतात आणि तिथले स्फटिक नीट वळत नाहीत. हे बहुतेक वेळा उतरतं. चित्र जितके तास होतं, निदान तितके तास स्क्रीन बंद ठेवा किंवा पूर्ण पांढरं चित्र लावून ठेवा. अर्ध्या तासात फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. ओल्या फडक्याने घासणं, बोटाने दाबणं, उन्हात ठेवणं यातलं काहीही करू नका. दाबल्याने पॅनल फुटेल आणि उष्णतेने आयन आणखी मोकळे फिरतील. पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्यात, भिंतीला चिकटवलेला मॉनिटर लवकर सावली धरतो तो याचमुळे. मागे चार बोटं तरी जागा ठेवा. झगमगणारे रंगीत व्हिडिओ एकाच रंगावर अडकलेल्या पिक्सेलसाठी (स्क्रीनवरच्या बारीक ठिपक्यासाठी) असतात, इथे त्यांचा उपयोग नाही. फिट येणाऱ्या माणसासमोर तर ते लावूच नयेत.

ओएलईडीचं गणित वेगळं. तिथे पिक्सेल स्वतः उजळतो आणि झिजतो, निळा सगळ्यात लवकर. झीज परत भरून येत नाही. मॉनिटर स्वतःच स्टँडबायमध्ये काही मिनिटांची दुरुस्ती चालवतो, आणि नेमकं तिथेच आपण चुकतो: दुकान बंद करताना बोर्डावरचं बटण दाबून मोकळे होतो. वीज तोडली की ती दुरुस्ती होतच नाही. मॉनिटर त्याच्या बटणाने बंद करा, बोर्ड चालू राहू द्या. ढग गडगडत असतील तेव्हा मात्र प्लग काढा, तिथे हट्ट नको. मेनूतली मोठी पॅनल दुरुस्ती मात्र रोज चालवू नका.

टाळायचं असेल तर ब्राइटनेस 100 वरून 40 च्या आसपास आणा, टास्कबार आपोआप लपेल असं करा आणि 5 मिनिटांनी स्क्रीन बंद होईल अशी वेळ लावा. लोगो मिरवणारा स्क्रीनसेव्हर हा पिक्चर ट्यूबच्या जमान्यातला वारसा. बंद स्क्रीन त्यापेक्षा बरी. कॅमेऱ्यांसाठी डीव्हीआरमध्ये, म्हणजे त्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यात, दर 10 सेकंदांनी कॅमेरा बदलण्याची सोय असते, ती चालू करा.

दोन-तीन दिवस करूनही एलसीडीवरची रेघ हटली नाही, तर नवं पॅनल घेण्याआधी थांबा. मॉनिटर परत कॅमेऱ्यांनाच जोडा आणि बुकिंगला दुसरा घ्या. चार चौकटींवर चार चौकटींची सावली दिसतच नाही.