वस्तुमान आणि वजन यातला फरक घरी कसा बघायचा: साखर, लिफ्ट आणि कर्वतीचं पान

नुस्त्याच्या बाजारात आपण म्हणतो दोन किलो वजनाचे बांगडे, बोलताना चालतंय ते, पण किलो हे खरं तर वस्तुमानाचं माप, म्हणजे वस्तूत पदार्थ किती आहे ते. वजन म्हणजे पृथ्वी त्याला किती जोराने खाली ओढते ते, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. पाठ करून हे डोक्यात राहत नाही, हाताने करूनच बघा.

आधी स्प्रिंगचा हुकवाला काटा आणा, शक्यतो कमी किलोंचा, म्हणजे सुई नीट हललेली दिसते. त्याला १ किलो साखर अडकवा. गोव्यात गुरुत्व त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, साधारण ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग. वस्तुमानाला त्याने गुणलं की वजन, म्हणजे १ किलो साखरेचं वजन ९.७८ न्यूटन. आता तो काटा घेऊन पणजीतल्या एखाद्या उंच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये जा. लिफ्ट वर जायला सुटली की सुई क्षणभर १ किलोच्या पुढे जाते, मधे सारख्या स्पीडने चालताना परत १ वर, आणि थांबताना खाली येते. साखरेचा एक दाणासुद्धा वाढला-घटला नाही बघा, बदलली ती फक्त स्प्रिंगवरची ओढ.

मग दोन पारड्यांचा जुना तराजू मिळवा. एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला १ किलोचं माप. लिफ्टमध्ये पारडी समानच राहतात, कारण दोन्हीवर सारखाच परिणाम होतो. चंद्रावरसुद्धा हा तराजू बरोबरच दाखवेल, स्प्रिंगचा मात्र साधारण १६५ ग्रॅम दाखवेल. किचनमधला डिजिटल काटासुद्धा आतून ओढच मोजतो हं, फक्त किलोत लिहितो. इथे सेट केलेला तसा काटा लंडनला नेला तर ६० किलोच्या माणसाला साधारण १७० ग्रॅम जास्त दाखवेल, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आणि तिथे पृथ्वी फुगीर, शिवाय तिच्या फिरण्याचा परिणामही आपल्याकडे जास्त.

शेवटचा प्रयोग मला सगळ्यात पटतो. हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या कर्वतीचं, पान टेबलाच्या कडेला क्लॅम्पने घट्ट आवळा, रुंद बाजू उभी ठेवून, म्हणजे ते आडवं हलेल (दातांना टेप लावा, हात कापतो). टोकाला दहा रुपयांची पाच नाणी चिकटवा, एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, आणि २० हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. मग दहा नाणी, मग पंधरा. वस्तुमान वाढलं की हेलकावे संथ होतात आणि हालचाल आडवी असल्यामुळे गुरुत्वाचा त्यात जवळजवळ काही हात नाही. अंतराळ स्थानकात गुरुत्व पृथ्वीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं, पण स्थानक आणि माणसं एकत्रच पडत असतात, त्यामुळे साधा काटा तिथे शून्य दाखवतो. म्हणून १९७३ च्या स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळ स्थानकात अंतराळवीर स्प्रिंगवर हलणाऱ्या खुर्चीत बसून असंच वस्तुमान मोजायचे.

आता नाण्यांचे ग्रॅम आणि सेकंद यांचा आलेख काढा, अंगणातला छोटा खडा पानाला चिकटवा, त्याचे ग्रॅम आलेखावरून काढा आणि किचनच्या काट्यावर ताडून बघा.