मजली केक रचताना फ्रॉस्टिंग शाबूत कसे ठेवावे

मजली केकचे फ्रॉस्टिंग बहुतेक वेळा दोन कारणांनी बिघडते: वरच्या मजल्याचे वजन खालच्या स्पंजवर येते, किंवा क्रीम मऊ असतानाच केक हाताळला जातो. ही दोन्ही कारणे केक उचलण्याच्या बरीच आधी दूर करता येतात, आणि ती दूर केली की प्रत्यक्ष रचणे हे काही मिनिटांचेच काम उरते.

प्रत्येक मजल्याला स्वतःचा ताठ पुठ्ठ्याचा बोर्ड हवा. तो स्पंजएवढा किंवा फार तर क्रीमच्या जाडीइतका मोठा असावा, म्हणजे रचल्यावर त्याची कड बाहेर दिसत नाही. सर्वांत खाली मात्र सुमारे १२ मिलिमीटर जाडीचा भक्कम बोर्ड घ्यावा, कारण पातळ पुठ्ठा उचलताना वाकतो आणि तो वाकला की क्रीमला तडे जातात. फ्रॉस्टिंग करण्यापूर्वी प्रत्येक केकचा माथा सपाट कापून घ्यावा. खालच्या मजल्यावर राहिलेला थोडासा उतार वरच्या मजल्यांवर अधिक ठळक दिसतो.

तयार मजले निदान दोन तास, आणि शक्य असेल तर रात्रभर, फ्रीजमध्ये ठेवावेत. बटरक्रीममधील लोणी थंडीत घट्ट होते, त्यामुळे बोटाचा ओझरता स्पर्श झाला तरी पृष्ठभागावर खूण उमटत नाही. गनाशही, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रणही, असेच घट्ट बसते. फेटलेले क्रीम मात्र कितीही थंड केले तरी मऊच राहते, म्हणून उंच केकसाठी ते बाहेरच्या थराला वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉन्डंटच्या, म्हणजे साखरेच्या लाटलेल्या आवरणाच्या, केकवर फ्रीजबाहेर काढल्यावर दव जमते. ते पुसू नये, आपोआप सुकू द्यावे.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो आधाराच्या डॉवेलना, म्हणजे वरच्या मजल्याचे वजन पेलण्यासाठी केकमध्ये उभ्या रोवायच्या काड्यांना. वरच्या मजल्याच्या मापाचा रिकामा टिन खालच्या थंड केकवर अलगद टेकवून वर्तुळाची खूण करून घ्यावी आणि डॉवेल त्या वर्तुळाच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत, समान अंतरावर रोवावेत. सहा इंची मजल्याला चार किंवा पाच डॉवेल पुरतात. मजला मोठा असेल तर संख्या वाढवावी. पहिला डॉवेल सरळ खाली बोर्डपर्यंत घालून क्रीमच्या पातळीवर खूण करावी, तो बाहेर काढून कापावा आणि बाकीचे सगळे त्याच्याच मापाने कापावेत. प्रत्येक छिद्राची खोली वेगळी मोजून त्याप्रमाणे डॉवेल कापण्याचा मोह टाळावा, कारण उंची सारखी नसेल तर वरचा मजला तिरका बसतो. डॉवेल आखूड पडले तर वजन स्पंजवर येऊन खालच्या केकच्या कडा फुगतात. लाकडी डॉवेलऐवजी जाड, रुंद प्लास्टिकचे स्ट्रॉही चालतात आणि ते कात्रीनेही सहज कापता येतात.

आता खुणेच्या वर्तुळात थोडे क्रीम पसरावे, म्हणजे वरचा बोर्ड सरकणार नाही. टर्नटेबलला (केकच्या फिरत्या पाटाला) चिकटलेला मजला सोडवताना गरम पाण्यात बुडवून कोरडा केलेला पॅलेट नाईफ (लांब, बोथट पात्याची सुरी) तळाशी फिरवावा. मग केकच्या बाजूंना हात न लावता तळहात बोर्डखाली घेऊन तो उचलावा, मागची कड आधी खुणेवर टेकवावी, पुढच्या कडेखाली पॅलेट नाईफ ठेवून हात काढून घ्यावा आणि नाईफ सावकाश बाहेर ओढत केक खाली बसू द्यावा. क्रीम थंड असेपर्यंत केक किंचित सरकवून मध्यावर आणता येतो, म्हणून लगेच चारही बाजूंनी पाहून घ्यावे.

सांध्यात राहिलेली फट क्रीमची बारीक किनार काढून झाकावी. कुठे ओरखडा आलाच, तर तो तेव्हाच घासत बसू नये. केक पुन्हा थंड करून त्यावर थोडे मऊ क्रीम लावावे आणि गरम, कोरड्या नाईफने एकदाच फिरवून सपाट करावे.

केक रचलेल्या अवस्थेत न्यायचा असेल, तर एका टोकाला अणकुचीदार केलेला लांब डॉवेल सर्व मजल्यांच्या मध्यातून तळाच्या बोर्डपर्यंत ठोकावा. त्यासाठी वरच्या बोर्डांच्या मध्यभागी आधीच छिद्र पाडून ठेवले तर धक्का कमी बसतो. तीनपेक्षा अधिक मजले असतील, तर ते वेगवेगळ्या खोक्यांतून नेऊन जागेवरच रचावेत. केक कापणाऱ्याला कोणत्या मजल्यात किती डॉवेल आहेत हे लिहून द्यावे, म्हणजे वाढण्यापूर्वी ते सर्व मोजून बाहेर काढता येतात.