टेक्सास होल्डेम : फ्लॉपनंतरचा हिशेब

तीन पत्ती खेळणाऱ्याला पोकरचा टेक्सास होल्डेम हा प्रकार तासाभरात समजतो, मात्र एक सवय आधी मोडावी लागते. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) कलरला (एकाच रंगाची पाने) मारते. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. तीन पानांत कलर १,०९६ प्रकारे आणि सिक्वेन्स ७२० प्रकारे जुळते, तर पाच पानांत कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२०० प्रकारे जुळते, आणि जे दुर्मीळ ते मोठे. उतरता क्रम असा: एकाच रंगाची सिक्वेन्स, चार सारखी पाने, तीन-दोनचे फुल हाउस, कलर, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी.

वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघे पाने पाहण्याआधीच ठरलेली रक्कम लावतात. घरी शिकताना चिंचोके पुरेत. प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात आणि बोली होते. मग मध्ये तीन पाने उघडतात, तो फ्लॉप. पुढे टर्न आणि रिव्हर ही एकेक पाने. दर वेळी बोली होते, तेव्हा कॉल करावा (समोरच्याइतकेच लावावे), रेज करावे (त्याहून वाढवावे) किंवा पाने टाकावीत. सातपैकी उत्तम पाच पाने मोजतात.

खरी कसोटी फ्लॉपवर लागते, आणि याच जागी मी दोन वर्षे हरत होतो. हातात बदामाची अठ्ठी आणि सत्ती आहे, फ्लॉपवर बदामाचा राजा, बदामाची तिर्री आणि इस्पिकचा गुलाम आला आहे, मध्ये १०० चिंचोके आहेत आणि समोरच्याने ५० लावले आहेत. बदामाची नऊ पाने उरली आहेत, म्हणून ‘दर उपयोगी पानाला चार टक्के, नऊ गुणिले चार, म्हणजे ३६ टक्के, खुशाल कॉल कर’ असा सल्ला हमखास मिळतो. नवशिक्याचे सर्वाधिक नुकसान याच सल्ल्याने होते. तो आकडा टर्न आणि रिव्हर ही दोन्ही पाने मिळून आहे, आणि समोरच्याने आपले सगळे चिंचोके आधीच लावले असतील तरच तो धरावा. एरवी टर्नवर तो पुन्हा लावतो आणि दुसऱ्या पानाची किंमत वेगळी मोजावी लागते.

म्हणून एकाच पानाचा हिशेब करावा. न दिसलेली पाने ४७, उपयोगाची ९, म्हणजे संधी सुमारे १९ टक्के. तुम्ही ५० घातल्यावर मध्ये २०० होतात, त्यांतला तुमचा वाटा २५ टक्के. संधी वाट्यापेक्षा कमी आहे, तेव्हा पाने टाकावीत. कलर लागल्यावर त्याच्याकडून सरासरी आणखी ६१ चिंचोके निघतील अशी खात्री असेल, तरच कॉल परवडतो. तशी खात्री मला क्वचितच वाटते, कारण मध्ये तीन बदाम दिसताच शहाणा खेळाडू हात आखडतो, आणि जो तरीही लावत राहतो त्याच्याकडे बहुधा मोठा बदाम असतो.

शेवटी उरलेल्यांनी दोन्ही पाने उघडावीत. रंगांना येथे लहान-मोठेपण नाही, इस्पिकचा एक्का बदामाच्या एक्क्याहून मोठा नसतो. पाचही पाने तोलामोलाची ठरली तर रक्कम समान वाटून घ्यावी.